एकशे ऐंशी किलो कुठून आले?

"बाबा, थांब! गाडीचं नाक वर गेलंय!" उल्का ओरडली.

नोएडातल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी बाबाने नव्या कोऱ्या गाडीला आजोबांचा कॅम्पर ट्रेलर जोडला होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच. आत दोन बिछाने, शेगडी, खिडकी, सगळं होतं. फक्त इंजिन नव्हतं. पुढे ओढायला गाडी हवी. पण ट्रेलर आकड्याला अडकवताच गाडी मागून अशी बसली, की तिचे दिवे झाडांचे शेंडे बघू लागले!

"गाडी आहे की सर्कशीतला हत्ती?" धाकटा श्रीरंग खिदळला.

"नवी आहे, थोडे नखरे करणारच!" बाबा म्हणाला. "ट्रेलरवरची पाटी वाच. रिकामं वजन नऊशे किलो. माझी गाडी हजार ओढते. विषय संपला!"

उल्काला हसू आलं नाही. ही पाटी आजोबांनी रंगवली होती. बळवंत आजोबांनी तीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्या होत्या. स्वतः तपासल्याशिवाय ते काहीही पुढे जाऊ देत नसत, आणि तपासलं की खडूने त्यावर 'पास' लिहीत. उल्काच्या दप्तराच्या चेनवरसुद्धा! दर संक्रांतीला ते पानिपतला, तिथे लढलेल्या मराठ्यांच्या काला अंब स्मारकाला नमस्कार करायला जात. यंदा ते सगळ्यांना ट्रेलरने नेणार होते. पण त्यांची डिझेल जीप दहा वर्षांची झाली आणि दिल्लीच्या नियमाने भंगारात गेली. दिवाळीनंतर आजोबाही गेले. तेव्हापासून उल्काने ट्रेलरच्या दाराला हात लावला नव्हता. आतल्या ग्रीसच्या वासाने तिला रडूच फुटायचं.

"पाटी जुनी असेल," ती मैत्रिणीच्या, विजयमालाच्या कानात कुजबुजली. "आजोबा असते तर म्हणाले असते, आधी तोला!"

विजयमाला ही आजोबांच्या फौजेतल्या मित्राची, शहाजींची नात. तिचं डोकं भारी चालायचं. "फॅक्टऱ्यांपाशी धरमकाँटा आहे ना, ट्रक तोलतात तो! काका येतील?"

"बिल्कुल नाही!"

"अच्छा! मग हवा भरायला नेऊ!"

अर्ध्या तासाने बाबा हवा भरायची आहे या समजुतीने गाडी-ट्रेलरसकट एका लोखंडी चौथऱ्यावर चढला.

"काका, ट्रेलर इथेच सोडा आणि गाडी पुढे घ्या," विजयमालाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "इथे अशीच पद्धत आहे."

बिचाऱ्या बाबाने ऐकलं! तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "एक हज़ार अस्सी!"

"काय? काँटा खराब है!" बाबा उसळला.

"साहब, काँटा नहीं, अपनी गाड़ी देखो!" काटेवाला त्याहून जोरात उसळला.

एकशे ऐंशी किलो जास्त! ट्रेलर तर रिकामा होता. मग हे वजन आलं कुठून? घरी परतताच तिघं मुलं ट्रेलरमध्ये घुसली. ग्रीसचा वास येऊ नये म्हणून उल्काने श्वास रोखून धरला होता. विजयमाला पान्याने जमीन ठोकत सरकली. ठण्ण, ठण्ण... ठप्प!

"इथे काहीतरी आहे!"

सतरंजीखाली कडी निघाली. कडी ओढली तर जाड लोखंडी पत्रा, साखळी आणि हाताने फिरवायचं चाक! श्रीरंगने चाक फिरवलं. पत्रा मागच्या दारातून सरकत सरकत थेट जमिनीला टेकला.

"घसरगुंडी!" श्रीरंग ओरडला.

उल्का मात्र वाकून पत्रा निरखू लागली. पत्र्याच्या दोन्ही कडांना कठडे होते, आणि मधलं अंतर आजीच्या चाकांच्या खुर्चीएवढं होतं. हा तर आजीसाठी केलेला रॅम्प! आजीची एक बाजू दोन वर्षांपासून लुळी पडली होती. तिला ट्रेलरमध्ये चढता येणार नाही, म्हणून ती घरीच राहणार, असं सगळ्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

"हे काढून टाकू," बाबा म्हणाला. "संक्रांत परवावर आलीय. वजन उतरेल आणि माझी गाडी ओढेल."

"आणि आजी?"

"ती तशीही येणार नव्हती ना, बाळा?"

उल्का धावत वर गेली. "आजी, आजोबा तुला काला अंबला नेणार होते?"

आजीने खिडकीकडे तोंड फिरवलं. "म्हणाले होते, द्वारका, तुझ्याशिवाय जाणार नाही. मला वाटलं, समजूत घालतायत गं."

उल्काने खाली येऊन रॅम्पवर बैठकच मारली. "रॅम्प काढायचा नाही! गाडी बदलायची!"

"माझी घ्या!" शेजारचे श्यामकांत अंकल पुढे झाले. "सात सीटर! वर सनरूफ!"

"अंकल, सनरूफने ट्रेलर थांबत नाही," उल्का म्हणाली. "आजोबा म्हणायचे, ओढणं सोपं असतं, ब्रेक मारल्यावर मागचं वजन सांभाळेल अशी गाडी बघ. गाडीचं पुस्तक दाखवता?"

पुस्तकात लिहिलं होतं, या गाडीने ट्रेलर ओढू नये! अंकल चष्मा पुसत घरी गेले.

"एक गाडी आहे," विजयमाला लाजत म्हणाली. "आमच्या आजोबांची नर्सरीची पिकअप. खाली भक्कम लोखंडी चासी, दीड हजार ओढते. पण यार, तिला शेणखताचा वास येतो!"

"येऊ दे!" उल्का आणि श्रीरंग एकदम ओरडले.

दुसऱ्या दिवशी शहाजी आजोबा पिकअप घेऊन आले. साखळी तपासायला ते रॅम्पखाली वाकले आणि तसेच थांबले. त्यांनी बाबाला हाक मारली, "विलास, इकडे ये. बळवंतचं अक्षर आहे."

पत्र्याखाली रंगाने यादी लिहिली होती. उल्का मोठ्याने वाचू लागली.

"रॅम्पसकट वजन १०८०. ओढायला शहाजीची पिकअप. पिकअपमध्ये शहाजी, द्वारका, उल्का, श्रीरंग. विलास, लतिका, विजयमाला मागच्या गाडीत..."

"आई-बाबा झाले. आणि आजोबा?" श्रीरंगने विचारलं. "ते कुठे बसणार होते?"

उल्काने यादी पुन्हा वाचली. आजोबांचं नाव कुठेच नव्हतं.

"पावसाळ्यात एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले होते," बाबा हळूच म्हणाला. "मला म्हणाले, काही नाही रे." तो रॅम्पवर बसला आणि मुलांसमोर ढसाढसा रडला. "आणि मी हा रॅम्प काढायला निघालो होतो!"

यादीची शेवटची ओळ उल्काने मनातच वाचली.

संक्रांतीला काला अंबवर धुकं होतं. महाराष्ट्रातून आलेली माणसं स्मारकाला हात जोडत होती. श्रीरंगने चाक फिरवलं, बाबाने खुर्ची धरली आणि आजी सावकाश खाली उतरली. तिने चालत्या हाताने कपाळाला माती लावली. मग शेजारी कोणी उभं असावं तसं वळून बघितलं.

"शाब्बास, पोरांनो! तुम्ही नसता तर रस्त्यात अपघातच झाला असता," शहाजी आजोबा म्हणाले. आईने तिघांच्या हातांवर तिळगूळ ठेवला. "मला अक्कल शिकवलीत!" बाबानेही कबूल केलं.

उल्काला त्यातल्या एकाही शाबासकीने बरं वाटलं नाही. तिला जी हवी होती, ती देणारा माणूस नव्हता.

ती रॅम्पखाली वाकली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'शेवटची तपासणी : उल्का', आणि पुढे जागा कोरी होती. तिने आजोबांच्या डबीतला खडू काढला आणि नीट, मोठ्या अक्षरात 'पास' लिहिलं. मग ती तिथेच गवतावर बसून खूप रडली, आणि कोणीही तिला गप्प केलं नाही.