नाकाखालचा पिवळा पट्टा

ही गोष्ट १९४४ च्या हिवाळ्यातली. मी एकोणीस वर्षांची होते आणि ब्रेझन तळ्याकाठच्या विमानतळावर रंगशाळेत कामाला होते. दुरुस्त झालेली लढाऊ विमानं आमच्याकडे यायची ती अंगभर करडी, नाव-गाव नसल्यासारखी. आम्ही बायका त्यांच्यावर खुणा रंगवायचो. पंखांवर काळे-पांढरे क्रूस, शेपटीवर स्वस्तिक, कुशीवर आकडा. पडलेल्या विमानाचा आकडा नव्याला द्यायची पद्धत होती, त्यामुळे एकच आकडा मी कितीदा रंगवला असेन. त्या खुणांखाली जगात काय चाललं होतं, ते आम्ही कुणी विचारत नव्हतो. रंगाचा तो गोडसर वास मला अजून आठवतो. आवडायचा, हेही खरं.

सगळ्यात शेवटी नाकाखालचा पिवळा पट्टा. खालून आपल्या तोफवाल्यांना विमान आपलं आहे हे कळावं म्हणून तो असे. थंडीत पिवळा रंग घट्ट व्हायचा. डबा गरम पाण्यात ठेवायचा, मग पाठीवर झोपून वर ब्रश चालवायचा. थेंब डोळ्यात पडायचे. पट्टा झाला की चाकाच्या टायरवर खडूनं आपली खूण करायची. माझी फुली, ओटीलीचं वर्तुळ. चाकावर खूण दिसल्याशिवाय मुकादम व्हेंट्सलाफ कुणाला घरी सोडत नसत.

ओटीली क्रेसे माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नवरा रशियात बेपत्ता, घरी चार वर्षांची रोझल. आम्हा सगळ्यांत बोलकी तीच.

"मुकादम, तुमच्या टकलावर पण एक पट्टा ओढू का? आपलेच लोक गोळ्या घालायचे नाहीतर!"

"आधी हातातलं काम संपव, बये," मुकादम म्हणायचे, आणि मिशीत हसायचे.

एके दिवशी दुपारी गावातल्या दुकानात लहान मुलांचे बूट आले. रोझलचे अंगठे जुन्या बुटांतून बाहेर आलेले. उशीर झाला तर रांगेत काही हाती लागणार नव्हतं. ओटीली लवकर निघाली. दुसऱ्या दिवशी ती लाल बुटांबद्दल बोलत आली तेव्हा मैदानात सगळे तळ्याकडे तोंड करून उभे होते.

पहाटे अचानक हवाई हल्ल्याचा इशारा झाला होता आणि तिनं रंगवलेलं विमान वर गेलं होतं. परतताना ते ढगातून खाली आलं आणि चर्चजवळच्या आपल्याच तोफेनं ते पाडलं. वैमानिक डेटलेफ बारनाउ विमानासकट तळ्यात गेला. तळं खोल. वर काही आलं नाही.

तोफेवर हिनरिक्स नावाचा गावातलाच माणूस होता, पेशानं सुतार. "पिवळा नव्हता," तो एवढंच म्हणत राहिला. "चाकावर वर्तुळ मी स्वतः पाहिलं," मुकादमांनी सांगितलं. हिनरिक्सला धरून नेलं.

त्याची बायको आल्मा रोज आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची.

"ओटीली, होता का गं पिवळा?"

"होता म्हटलं ना, बाई. किती वेळा सांगू?"

ओटीलीनं पहिल्यांदा असं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगशाळा उघडली तर आत नव्यानं आलेलं विमान उभं होतं. अजून कुणी हात न लावलेलं. त्याच्या नाकाखाली पिवळा पट्टा होता.

"गोष्टीतले बुटके रात्री येऊन काम करून गेले वाटतं," मी म्हणाले.

ओटीली हसली नाही. तिनं पट्ट्याला बोट लावलं. रंग ओला होता आणि त्याला तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता. पट्ट्याच्या टोकाला डावीकडे छोटी वळी होती. तशी वळी फक्त ओटीली काढायची.

आल्मा फाटकाशी येत राहिली, ओटीली "होता" म्हणत राहिली, आणि पट्टे येत राहिले. विमानांवर, मग ओटीलीच्या सायकलीखाली, मग तिच्या जेवणाच्या डब्याच्या बुडाला. नेहमी खालच्या बाजूलाच. ती बोलेनाशी झाली. मुकादमांना वाटलं, ती रंग चोरते आहे.

एका दुपारी ती रोझलला कामावर घेऊन आली. मुलीच्या पायात लाल बूट होते. ओटीलीनं मला बूट उलटे करून दाखवले. तळ पिवळे.

"इर्मा, त्या दिवशी पट्टा राहिला होता," ती हळूच म्हणाली. "सकाळी येऊन करणार होते गं. दुपारशिवाय ते उडणार नव्हतं. वर्तुळ काढलं आणि पळाले."

"कुणाला सांगितलंस?"

"सांगितलं तर मला फासावर देतील. हिचं कोण करेल?"

मग तिनं रोझलची हनुवटी वर उचलली.

हनुवटीखाली, गळ्यापाशी, पिवळा पट्टा होता.

"थिनरनं घासलं. पोर रडली. निघत नाही."

फाटकाशी आल्मा उभी होती. ओटीली मुलीचा हात धरून तिच्यासमोर गेली.

"होता का गं—"

"नव्हता. मी रंगवलाच नव्हता. तुझा माणूस खरं बोलत होता."

आल्मानं खिशातून रुमाल काढला, थुंकीनं ओला केला आणि रोझलचा गळा पुसला.

पट्टा एका पुसण्यात निघाला.

ओटीली तिथूनच कबुली द्यायला कचेरीत गेली. ती परत आली नाही. घातपाताचा आरोप ठेवून वसंतापूर्वी तिला फाशी दिलं. हिनरिक्सला त्याआधीच शिक्षेच्या तुकडीत पूर्वेच्या आघाडीवर पाठवलं होतं. तिथून त्याला शोधून आणायची तसदी कुणी घेतली नाही. मुकादम युद्धानंतर कुंपणं रंगवायचे. पिवळं कुंपण मात्र घेत नसत. रोझलला आल्मानं वाढवलं. ती तिला आई म्हणायची.

१९९१ मध्ये तळ्यातून विमान काढलं तेव्हा आल्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आणि रोझल काठावर गेलो. बारनाउची हाडं आधीच वेगळी नेली होती. नाकाखाली पिवळा पट्टा होता, टोकाला डावीकडे वळी.

"पट्टा तर आहे," तिथला अधिकारी म्हणाला. "म्हणजे तोफवाल्याचीच चूक."

"नव्हता," रोझल म्हणाली.

तो हसून कॅमेरा आणायला गेला. रोझलनं आल्माचा जुना रुमाल काढला, तळ्याच्या पाण्यात बुडवला आणि पट्टा पुसायला लागली. निघाला. खाली नुसता करडा पत्रा.

मग ती चाकाशी वाकली. टायरवर खडूचं पांढरं वर्तुळ होतं. तिनं ते पुसलं. मग घासलं. मग दोन्ही हातांनी घासलं.

ते निघालं नाही.