कालव्याला पाणी सुटलं

बाभुळगावजवळ कालव्याच्या काठावर निशिगंधाची ओढणी बाभळीला अडकली. ती सोडवायला जो पोरगा थांबला, तोच दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिच्या माहितीपटाच्या गटात निघाला. लखन, पलीकडच्या तांड्यावरचा. कालव्यावर फिल्म करायची, आधी दोघांनी जागा बघून ठेवायच्या... काम एवढंच. तरी ती सारखी मागं वळून बघायची. कालव्याला लागूनच तिच्या वडिलांची, भगवानरावांची तूर होती.

त्या सकाळी दोघं रस्त्याखालच्या मोरीपाशी आले. कालवा कोरडा ठणठणीत होता.

"हळू बोल नं," ती कुजबुजली. "बाबा तुरीत हायेत. त्यायनं पाह्यलं तं माह्यं कॉलेज बंद."

"फिल्मच तं करून राह्यलो आपण," लखन गालात हसला. "का... आखीन काही?"

तिनं नजर चोरली. कान मात्र तापले.

"मोरीच्या आतून उजेड कसा दिसते, पाहून येतो." कानात हेडफोन, हातात मोबाईल, आणि तो अंधारात शिरलासुद्धा.

थोड्याच वेळात वरच्या अंगानं सरसर आवाज आला. पाचोळा, फेस, आणि त्यामागे गढूळ पाणी. कालव्याचं गेट उघडलं होतं!

"लखन..." ती पुटपुटली. ओरडलं तर बाबांना कळणार. नाही ओरडलं तर—

"लखन! अरे लखन, बाहेर ये!"

सगळ्या शिवारानं ऐकलं. फक्त त्यानं नाही.

मग ती थांबली नाही. रस्ता ओलांडला, मोरीच्या दुसऱ्या तोंडाशी घसरत उतरली आणि आत धावली. हाताला त्याचा शर्ट लागला. तो तिनं मुठीत धरून ओढला, तोवर पाणी गुडघ्याला भिडलं होतं. बाहेर आले तर कमरेला. काठ ओला, निसरडा, पाय ठरेना. वरून दोन हात खाली आले.

भगवानरावांचे.

त्यांनी आधी लेकीला ओढलं, मग त्याला.

"कोन हाये हा?"

फिल्मवाला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिचे दात वाजत होते.

"लखन. मले... मले आवडते हा, बाबा."

भगवानरावांनी हाताचा चिखल पुसला.

"संध्याकाळी घरी ये," ते लखनला म्हणाले. "एकटा नको येऊ. बापाले घेऊन ये." आणि पाठ फिरवून चालू लागले. रागानं म्हणाले की कशानं, काही कळेना.

"भेव वाटून राह्यलं?" लखननं हळूच विचारलं.

"लय," ती म्हणाली. आणि तिनं त्याचा ओला हात हातात घेतला— बाबा अजून दिसत असतानाच.