पदरातली तारली

कानडी मुलखात, समुद्रापासून लांब, लष्कर मोहल्ल्यात एक घर होतं. घरात मी भवानी, माझा लेक मानाजी आणि सून तुंगा. मानाजीचा मासळीचा गाळा. घासाला कमी नव्हतं. पाळणा तेवढा हलत नव्हता. तुंगेनं किती नवस बोलले, त्या देवांनाच ठाऊक.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. मंगळूरची लॉरी आली, पेट्या निम्म्या रिकाम्या. लॉरीवाला तिरुमलराव म्हणाला, "अक्का, यंदा समुद्र तापलाय. खालचं गार पाणी वर येईना. त्याच्याबरोबर पिल्लांचं खाणं येतं. ते नाही, तर तारलीची पिल्लं काठाला कशाला येतील? मोठी चार मिळतात, बारीक एक नाही."

त्याच दिवशी, भर दुपारी, एक कोळीण दारात. टोपलीत बोटाएवढी तारली, काठोकाठ. बर्फ नाही, पाला नाही. आणि कल्ले हलत होते... मंगळूर म्हणजे रात्रभराची वाट गं!

मला संशय आला. विचारलं, "कुठल्या लॉरीनं आलीस?"

"चालत."

"यंदा पिल्लं नाहीत म्हणतात."

"आहेत," ती हळूच म्हणाली. "काठ मिळेना त्यांना..."

बघत होती ती तुंगेकडे. माझ्याकडे नाही. उन्हातही खारट, ओला वास दाटला.

"तुंगे, हात लावू नकोस. पातेलं आणते," म्हणून मी आत वळले. मासळी भांड्यात घ्यायची. पदरात घ्यायची ती ओटी, नारळ-तांदळाची. आमच्यात पोरीबाळींनाही कळतं हे.

पातेलं घेऊन आले, तर तुंगा पदर पसरून उभी. दारात कोणी नाही.

"अय्यो, पदरात घेतलीस? कुठंयत मासे?"

पदर चिंब होता. आत एक खवला नाही.

"ती म्हणाली, ओटी भरते..." तुंगा पुटपुटली. "नाही कसं म्हणू, आत्याबाई?"

मी पदर पिळला. पाणी कोमट होतं, ताप आलेल्या अंगासारखं.

मानाजीला सांगितलं, तर हसला. "आई, सुम्ने, उगाच भितेस! उन्हानं चक्कर आली असेल."

पुढल्या पावसाळ्यानंतर समुद्र निवला, तारली आली, गाळा भरला. आणि आमच्या घरी मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत. मोहल्ला पेढे खाऊन गेला. तुंगेच्या तोंडावरचं हसू मावळेना. देवानं दिलं, भरभरून दिलं. मी कशाला नाही म्हणू?

पापण्या आहेत त्याला, छान लांब आहेत. पण गाढ झोपतो, घोरतो, तरी मिटत नाहीत.