वहिनीची भागूबाई

हे ऐकीव नाही. यातलं अर्धं माझ्या डोळ्यांदेखत झालं. उरलेलं माझ्या सख्ख्या भावाने मला सांगितलं, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. तो आकड्यांचा माणूस.

मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवारची दुपार होती. दादाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पडदे उघडे. खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. जेवणाची भांडी अजून ओट्यावरच होती.

अशा वेळी कोण घाबरतं?

आधी या दोघांबद्दल सांगते.

दादा एका मोठ्या गोदामात कामाला आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवला की कामगारांची चाल वाचेल, हे ठरवायचं त्याचं काम. घरातही तेच. गाळणी, साखर, पातेलं, सगळं हात लांब केला की मिळेल असं. वहिनी म्हणायची, "लग्नाला उभा राहिला तेव्हा मला कुठल्या फडताळात ठेवायचं तेही ठरवून आला होता."

वहिनी हॉस्पिटलमध्ये, डायलिसिसच्या विभागात. माणसं तासन् तास यंत्राला जोडलेली असतात तिथे. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांना हसवायची, आणि काम करता करता गुणगुणायची. गाणं असं नाही. नुसतंच काहीतरी, तोंड मिटून.

दोघांना नाद एकच. कॉम्प्युटरवरचा गेम. तलवारी, जादू, गुहा, राक्षस असला. आपलं एक पात्र बनवायचं आणि त्या जगात हिंडायचं. बेडरूममध्ये खिडकीखाली दोन कॉम्प्युटर, शेजारी शेजारी.

पण खेळायची तऱ्हा दोघांची दोन टोकं.

दादाचा योद्धा म्हणजे नुसता हिशोब. कुठली तलवार किती जखम करते, कुठलं चिलखत किती वार झेलतं. त्याला नावसुद्धा नव्हतं. "नाव ठेवलं की मार कमी बसतो का?" असं दादाचं म्हणणं.

वहिनीची होती भागूबाई.

भित्री भागूबाई म्हणतो ना आपण, ती. जखमांवर औषध लावणारी बाई. त्या गेममध्ये पात्राला खोडी देता येतात, तशा वहिनीने तिला स्वतःच्याच सगळ्या दिल्या होत्या. वहिनीला अंधाराची भीती, म्हणून भागूबाईला भीती. डाव्या हातात ढाल घ्यायची, तर ही कंदील घेऊन फिरायची. चालताना गुणगुणायची. आणि कुठेही शिरायच्या आधी उंबऱ्याशी थांबून विचारायची...

"येऊ का?"

तो आवाज वहिनी स्वतः काढायची. बारीक, लाजरा, शेवटाला किंचित वर जाणारा. ड्यूटीवरून घरी आली तरी किल्ली पर्समध्ये ठेवून दारातून तसंच विचारायची. दादा आतून ओरडायचा, "ये गं बाई, ये!" रोजचंच होतं ते.

"अगं, ती राक्षसाची गुहा आहे!" गेम खेळताना दादा डोक्याला हात लावायचा.

"म्हणून काय झालं? घर त्याचंच आहे ना?"

तर एका पुलाच्या राखणदारापाशी दोघं अडकले होते. कित्येक रविवार. राखणदार आला की भागूबाई घाबरून मागे सरायची आणि दादाचा योद्धा मरायचा.

"तुझ्या या नाटकापायी मरतोय मी," दादा चिडायचा.

"मग दुसरी बायको बघ. ढालवाली," वहिनी हसायची.

त्या रविवारी वहिनीची ड्यूटी होती. मी जेवायला गेले होते. मी भांडी घासायला घेतली आणि दादा जाऊन बसला... वहिनीच्या खुर्चीत.

तिचा पासवर्ड त्याला माहीत होता. तिनेच सांगितला होता. तिच्याकडे काही लपवायचं नसायचं.

"काय करतोयस?"

"दुरुस्ती."

गेममध्ये एक डोह होता. त्या डोहात आपल्या पात्राची एखादी खोड टाकून द्यायची. बदल्यात ताकद मिळते. टाकलेलं परत मिळत नाही. वहिनी त्या डोहाच्या वाटेलाही जायची नाही.

"दादा, तिला विचार तरी."

"बारके, तिच्या भल्यासाठीच करतोय. जिंकली की बघ कशी नाचेल."

आधी त्याने अंधाराची भीती टाकली.

डुबुक... असा आवाज आला. भागूबाईच्या हातात कंदिलाच्या जागी ढाल आली.

मग गुणगुणणं. डुबुक...

मग दारात थांबणं. मग वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसणं. मग मेलेल्यांसाठी थांबणं. आकडे वाढत होते तसा दादा खुर्चीत पुढे पुढे सरकत होता. मी हात पुसत मागे उभी होते. प्रत्येक वेळी पडद्यावर "नक्की?" असं यायचं आणि तो "हो" दाबायचा.

शेवटच्या खोडीला तो प्रश्न आला नाही.

दुसराच आला.

"तुम्ही हिचे कोण?"

दादा थबकला. माझ्याकडे बघून हसला. "हे नवीन दिसतंय."

उत्तर लिहायला जागाच नव्हती. खाली फक्त "हो" होतं.

त्याने दाबलं.

भागूबाई वळली. पात्रं वळतातच, त्यात काही विशेष नाही. पण ती वळून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली... आणि बराच वेळ हललीच नाही.

खाली गाडी धुणाऱ्याचा पाइप बंद झाला होता.

*

संध्याकाळी आम्ही वहिनीची वाट बघत होतो. बेल वाजली नाही. दारातून हाक आली नाही. अंधारून आलं म्हणून मी पॅसेजचा दिवा लावायला उठले...

वहिनी आतच उभी होती.

चपला काढलेल्या. पर्स खुंटीला. दिवा न लावता, भिंतीकडे तोंड करून.

"वहिनी! कधी आलीस?"

"मघाशी."

ही बाई कधी दिवा लावल्याशिवाय बाथरूमलाही गेली नव्हती. आमच्या घरात तिच्या दिव्यांमुळे येणाऱ्या विजेच्या बिलावरून विनोद चालायचे.

दादाने तिला भागूबाई दाखवली. मला वाटलं आता भांडण होणार. मला ते हवंच होतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं केलंस."

एवढंच.

दोघं खेळायला बसली. राखणदार पहिल्याच झटक्यात पडला. भागूबाईची एक चूक झाली नाही. दादा आनंदाने ओरडला आणि टाळी द्यायला तिच्याकडे वळला...

खुर्ची रिकामी होती. वहिनी स्वयंपाकघरात अंधारात कप विसळत होती.

*

त्यानंतर तिचं गुणगुणणं थांबलं.

सुरुवातीला आम्ही म्हटलं, दमली असेल. मग म्हटलं, रागावली असेल. दादाने माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि तिला खरंच कळलेलं नव्हतं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, तिच्या हॉस्पिटलपासून जवळच. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले. पूर्वी त्या वॉर्डात शिरलं की हसण्याचा आवाज यायचा. आता यंत्रांची घरघर तेवढी. वहिनी एका पलंगावरून दुसऱ्या पलंगाकडे जात होती. भराभर. बिनचूक. कुणाच्या तोंडाकडे न बघता. सगळे तिच्यावर खूश आहेत म्हणून तिची वरिष्ठ मला सांगत होती.

दाराजवळच्या पलंगावर बँडवाले काका होते. आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. वहिनी गुणगुणायला लागली की ते बोटांनी चादरीवर ताल धरायचे.

त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. हळूच विचारलं,

"ही नवी बाई आधीच्या बाईंची बहीण का गं? दिसायला अगदी तशीच आहे."

मी डबा ठेवला आणि निघाले.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. घरी एकटाच होता, ताप होता म्हणून.

"बारके, ऐक."

"काय?"

"काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

त्याने फोन पुढे धरला असावा. आधी पंख्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग...

तोंड मिटून केलेलं गुणगुणणं.

"वहिनी आली लवकर?" मी विचारलं.

"ती ड्यूटीवर आहे," दादा म्हणाला. "हे दाराबाहेर आहे."

*

मी स्वतः ऐकलं ते पुढच्या रविवारी. भर दुपारीच.

वहिनी ओट्यापाशी कांदा चिरत होती. माझ्यापासून चार पावलांवर. मला तिची पाठ दिसत होती, सुरी दिसत होती. दादा माझ्या शेजारी सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता, वाचत नव्हता.

आणि दाराबाहेरून आवाज आला.

बारीक. लाजरा. शेवटाला किंचित वर जाणारा.

"येऊ का?"

दादाने माझं मनगट धरलं. "उत्तर देऊ नकोस," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "रोज येते. विचारते. थांबते. आपणहून आत येत नाही."

मी वहिनीकडे पाहिलं. सुरीची लय तसूभरही बदलली नव्हती.

"कुणी नाहीये बाहेर," ती मान वर न करता म्हणाली.

"येऊ का?"

या वेळी आवाज आणखी हळू होता. घाबरलेला. बाहेर जिन्यातला दिवा बरेच दिवस गेलेला होता, आणि हे मला त्याच क्षणी आठवलं.

दादा उठला. दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला. त्याच्या पाठीवरचा शर्ट ओला झालेला मला दिसत होता. "ये" म्हणायला किती वेळ लागतो? त्याचे ओठ हलले. आवाज निघालाच नाही.

मी दारापर्यंतही गेले नाही.

बाहेर कुणीतरी थोडा वेळ थांबलं. मग पावलं... एकेक पायरी चाचपत खाली गेली.

दादा तिथेच दाराशेजारच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मी त्याला वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

वहिनी बाहेर आली. त्याच्याकडे बघितलं. त्याला ओलांडून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आली.

*

दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी टाकली. जिन्यात नवा दिवा बसवला. दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसला. वरच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, याची नोकरी गेली.

"ये गं," तो म्हणायचा. रिकाम्या जिन्याकडे बघून. "ये. चुकलो मी. घर तुझंच आहे."

कुणी आलं नाही.

त्याने नवी भागूबाई बनवली. तशीच, सगळ्या खोडींसकट, कंदिलासकट. ती नुसती उभी राहायची. गुणगुणायची बटण दाबल्यावर, पण तो आवाज गेममधला होता, वहिनीचा नव्हता.

त्या रविवारनंतर दाराबाहेरचा आवाज आम्ही पुन्हा ऐकला नाही. कधीच. ती कुठे गेली, कुणाच्या दारात उभी आहे, मला माहीत नाही. तो विचार मी करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय.

दादा खंगत चालला. गोदामात त्याच्या चुका व्हायला लागल्या. जेवायचा नाही. वहिनी वेळच्या वेळी ताट वाढायची आणि वेळच्या वेळी उचलायची.

मग एके दिवशी ती माझ्या लॅबमध्ये आली. कधी नव्हे ती. मी एका कवळीला पॉलिश करत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून.

"तुला एक विचारायचंय."

"विचार ना, वहिनी."

"तुझा दादा रडतो. ते मला दिसतं." ती थोडी थांबली. कठीण गणित सोडवताना थांबतात तशी. "अशा वेळी मला वाईट वाटायला हवं. हो ना?"

यंत्र माझ्या हातात तसंच फिरत राहिलं.

तिच्या तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती.

"हो," मी म्हटलं.

"मग काय करायचं असतं?"

मी यंत्र बंद केलं. आणि सांगितलं. देवाशपथ सांगते, दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, त्याच्या शेजारी बस. पाठीवरून हात फिरव. म्हण, जाऊ दे रे, झालं ते झालं. थोडं हस. दात न दाखवता.

तिने मान डोलावली. एकदा माझ्या पाठीवर हात फिरवून पाहिला. "असा?"

"जरा हळू."

त्या रात्री दादाचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं इतका तो रडत होता, पण हे रडणं वेगळं होतं.

"बारके... ती परत आली गं. माझ्यापाशी बसली. म्हणाली, जाऊ दे रे. हसली, बारके!"

मी म्हटलं, "बघ. म्हटलं नव्हतं?"

आता दादा जेवतो. कामावर जातो. परवा फोनवर म्हणाला, पूर्वीपेक्षा जास्त जपते मला. त्याला मी काहीही सांगितलेलं नाही. सांगू तरी कसं?

वहिनी दर आठवड्याला माझ्या लॅबमध्ये येते. त्याच स्टुलावर बसते. काल विचारत होती, त्याच्या वाढदिवसाला आश्चर्य वाटल्यासारखं कोणी दाखवायचं, त्याने की तिने.

मी समजावून सांगितलं.

चटकन शिकते. एक चूक होत नाही.