दारावरची डबी

"आत्या, आईचा आवाज चोरीला गेला. आत्ताच्या आत्ता ये."

भाचीचा फोन ठेवून आत्या निघाली. विमा कंपनीसाठी चोऱ्या खऱ्या की बनावट ते तपासण्यात तिची हयात गेली होती. निवृत्त झाली, तरी नाक शाबूत होतं.

दुकान भावाचं, गाद्यांचं. दारावर एक छोटी डबी असायची. दार उघडलं की ती वहिनीच्या आवाजात बोलायची, "या, आधी पडून तर बघा!" पाठीमागे कळ होती, ती दाबली तरी बोलायची. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, तरी गिऱ्हाइकं तेच वाक्य म्हणत, हसत आत शिरायची.

आज आत्या आत आली आणि दार मुकं राहिलं.

"उद्या हाच आवाज रेडिओला द्यायचाय," भाची म्हणाली. "नव्या शाखांची सगळी जाहिरात त्यावर उभी आहे. लोक दुकानाचं नाव विसरतात, ते वाक्य नाही विसरत. आणि दुसरी प्रत नाही गं! डबी गेली तर आईही गेली."

"शेवटचं कधी ऐकलंस?"

"दुपारी जाहिरातवाल्यांकडे जायला बाहेर पडले तेव्हा."

भाऊ गल्ल्यावर बसला होता. नजर समोर, पण कुठेच नाही.

"तू कुठे होतास रे?"

"वर, घरी. जेवत होतो, ताई."

"कुणी नेली असेल?"

"नेली असेल कुणीतरी."

आवाजात ना राग, ना दुःख. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं तिला.

मग तिने दुकानातल्या जुन्या नोकराला गाठलं. चादरीवर एक सुरकुती खपत नसे, म्हणून सगळे त्याला टापटीप म्हणत.

"मी मागे कोठीत डबा खात होतो. दाराला आतून कडी घालूनच गेलो."

"काही ऐकलंत?"

"वहिनींचा आवाज. पाच-सहा वेळा, लागोपाठ. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत कोण तडमडलं? बाहेर आलो तर चिटपाखरू नाही."

"आणि कडी?"

"होती तशीच!"

आत्या गाद्यांमधून फिरली. कोपऱ्यातल्या गादीची चादर चुरगळली होती.

"ही ताणायची राहिली वाटतं?"

"छे हो! जेवायला जाण्याआधी सगळ्या ताणतो मी." तो लगबगीने पुढे झाला. आत्याने त्याचा हात धरला. "राहू दे."

ती पाणी प्यायला दुकानातल्याच जिन्याने वर घरात गेली. टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. तिने झाकण उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि खाली आली.

"कडी आतून होती. म्हणजे चोर घरातला," ती म्हणाली. "दार उघडलं नाही, तरी डबी बोलली. म्हणजे कुणीतरी कळ दाबली. आता सांगा, चोरी करणारा आवाज होऊ देईल का? यानं तर पुन्हापुन्हा वाजवून ऐकला. त्याला विकायचा नव्हता, बिघडवायचा नव्हता. नुसता ऐकायचा होता. टापटीप चुरगळलेली चादर तशीच सोडून जाणार नाही. तू बाहेर होतीस. उरला, जेवत होतो म्हणणारा. त्याच्या ताटातली पोळीही मोडलेली नाही."

तिने कोपऱ्यातल्या त्या गादीवरची उशी दाबली.

"या, आधी पडून तर बघा!" उशी म्हणाली.

भाची बापाकडे वळली. "बाबा? तुम्ही?"

भाऊ गल्ल्यावरून उठून गादीच्या कडेला येऊन बसला.

"परवा एक बाई म्हणाल्या, वहिनींचा आवाज ऐकला की बरं वाटतं. मी म्हटलं, कधी ऐकलात? म्हणे, आत्ता, आत येताना. मला ऐकूच आला नव्हता गं. बायको माझी, आणि ऐकू येते गिऱ्हाइकाला." त्याने हात चोळले. "उद्यापासून गावभर वाजणार. म्हटलं, त्याआधी एकदा नीट ऐकावा. ती म्हणायची तसा पडून ऐकला. काही नाही वाटलं. टापटीप आला, तेव्हा उशीत सारली आणि वर पळालो."

"आणि आता?" आत्याने विचारलं.

त्याने मान हलवली. "आताही नाही."

भाचीने उशीतून डबी काढली, पण दारावर लावली नाही. ओढणीने पुसून बापाच्या हातात ठेवली. मग फोन लावला. "उद्याचं रद्द करा. हो, कायमचं. नाही, दुसरा आवाज नकोय."

फोन ठेवून ती तरातरा जिन्याकडे गेली. तिथूनच ओरडली, "आणि जेवायचं काय? की ताटाला पाय फुटून ते खाली येणार आहे?"

भावाने झटकन मान वर केली. वहिनी रोज जिन्यातून अशीच ओरडायची. डोळे भरून आले.

"आलो गं," तो म्हणाला.