राजाराम पणजोबांना दिलेलं आमंत्रण

माझा नवरा सुधाकर कुणाचाही निरोप घेताना "घरी या एकदा" म्हटल्याशिवाय हलत नाही. पेट्रोलपंपावरच्या माणसालासुद्धा म्हणतो. पूर्वी मला त्या सवयीचा राग यायचा. आता भीती वाटते.

सत्त्याण्णवचा एप्रिल होता. आमच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, अनुयाच्या सोबतीला शेजारच्या वसुंधराताईंना मनुरेवाच्या घरी ठेवून आम्ही दोघं विमानानं दक्षिणेकडच्या बेटावर गेलो. सुधाकरचे पणजोबा राजाराम मुंबईहून खलाशी म्हणून निघाले आणि सोन्याच्या नादानं इथे, या किवींच्या देशात, जहाजावरून पळाले, ते घरी परतलेच नाहीत. त्यांचा माग काढत आम्ही ओटागो प्रांतातली सोन्याच्या खाणींची गावं पालथी घातली. शेवटी सेंट बाथन्सच्या पुढे एका ओसाड दफनभूमीत पोचलो. कुंपणालगत, सगळ्यांपासून लांब, नुसते दगड रचलेले होते. "तो इंडियन तिथे आहे," एवढंच गावातली बाई म्हणाली होती.

सुधाकरनं नमस्कार केला, डोळे पुसले. आणि वळता वळता म्हणाला, "घरी या एकदा. मनुरेवाला असतो आम्ही."

वारा थांबला.

"असं म्हणतात का कुणी... इथे?"

"अगं, आपलेच आहेत."

परतीच्या वाटेवर गाडी जड चालायला लागली. मागच्या सीटवरून ओल्या मातीचा वास येत होता. मी मान वळवली नाही. क्लाइड गावाच्या अलीकडे तो वास एकदम गेला, गाडीही हलकी झाली.

"बघ, काही नव्हतं," सुधाकर हसला. मला ते हसणं पटलं नाही. जे उतरलं, ते गेलं कुठे?

क्लाइडला किराणा दुकानाबाहेरच्या फोनवरून मी घरी फोन लावला.

"कल्याणी, सासरे येणार होते तर सांगायचंस ना गं!" वसुंधराताई म्हणाल्या. "चेहरा अगदी सुधाकरचा. कपडे मात्र चिखलानं भरलेले. चहासुद्धा घेतला नाही."

माझे सासरे माझ्या लग्नाआधीच वारले.

"ताई... अनुया कुठाय?"

"ही काय, इथेच. ते आत्ताच गेले."

अनुयानं फोन घेतला. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत; खुशीनं हो म्हणायचं तर इथल्या पोरांसारखं "स्वीट अ‍ॅज".

"मम, ही वॉज सो नाइस. ही सेड, नाऊ यू कम टू माय प्लेस."

"मग... तू काय म्हणालीस?"

"आय सेड, येस. स्वीट अ‍ॅज."