नवमीच्या पानावरचा भात

या लग्नात मालन काय कमावणार, ते तिच्याआधी मी मांडून पाहिलं होतं. मुलुंडला एक खोली नि स्वयंपाकघर, नळ घरात. नवरा बोटीवरची नोकरी सोडून आता कारखान्यात फिटर, म्हणजे रोज संध्याकाळी दारात. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणजे घासलेलं भांडं परत घासायला लावणार नाही. मागचं मूलबाळ नाही. वजा बाजूला एकच गोष्ट, भिंतीवर पहिल्या बायकोचा, चंपाचा, हार घातलेला फोटो. मेलेली सवत जागा अडवत नाही, असं मीच मालनला म्हटलं होतं. स्थळ मीच आणलेलं. सहदेव माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून.

मालनला घाई होती ती नवऱ्याची नव्हे, भिंतींची. चारकोपला भावाकडे राहायची. भावाला एकेक मूल होत गेलं, तशी हिची वळकटी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणि तिथून गॅलरीत आली. "नलूवहिनी, गॅलरीच्या पुढे आता रस्ताच आहे," ती मला म्हणाली. हसतच म्हणाली, पण हसताना माझं मनगट धरून होती.

शहाऐंशीच्या श्रावणात मुलगी बघायचा कार्यक्रम सहदेवच्याच घरी झाला. पोहे झाले, चहा झाला आणि सहदेवने खिशातून रुमालात गुंडाळलेला लाकडी चमचा काढला. आम्ही सगळे बघतच राहिलो. एकदा त्याची बोट दुरुस्तीसाठी कार्डिफला अख्खा हिवाळा अडकली होती. कार्डिफ वेल्समध्ये, आणि वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला डोंगराळ मुलूख, हे मला त्याच दिवशी कळलं. तिकडे पोराला पोरगी आवडली की तो एका सलग लाकडातून चमचा कोरतो. जोड नाही, खिळा नाही. दांड्याला सुट्या कड्यांची साखळी, म्हणजे जन्माची सोबत. साखळीच्या वर बारीक गजांचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात खुळखुळणारी गोळी, तीही त्याच लाकडात आतल्या आत कोरून सुटी केलेली. गोळी म्हणजे होणारं मूल. पोरीने चमचा हातात घेतला की होकार. मग तो भिंतीला टांगायचा. त्याने खायचं नाही की वाढायचं नाही.

"म्हणजे बायकोला पहिल्या दिवसापासून कामात सूट," मी म्हटलं. "बरा मुलूख दिसतोय."

सहदेव लाजला. फणसाच्या लाकडाचं काम होतं, पिवळं, गुळगुळीत. मालनने चमचा घेतला, गोळी कानाशी खुळखुळवून पाहिली आणि उठून सरळ सहदेवच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. चारकोपला नेत नाहीस का, मी विचारलं. तिथे माझी भिंत कुठे आहे, ती म्हणाली.

इथे आमचं चुकलं. पण चूक अशी की आमच्याकडे कोणाच्याही हातून व्हावी.

भाद्रपद लागला. चंपा अहेव गेलेली, म्हणून अविधवा नवमीला तिचं पान. सवाष्ण म्हणून मला जेवायला बोलावलं होतं. शांताबाईंनी, म्हणजे सहदेवच्या आईने, वडे तळले, खीर केली, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. सहदेव विड्याची पानं आणायला खाली गेला होता. केळीच्या पानावर भात वाढायच्या वेळी म्हातारी चाचपडत खिळ्याशी गेली आणि हाताला लागला तो चमचा घेऊन आली. मी म्हटलं, "आई, तो सहदेवचा आहे ना?"

"पितरांच्या पानाक लोखंड चलता काय गो?" त्या म्हणाल्या. "ह्यां लाकडाचां बरां."

बोलणं खरं होतं. मी पान पुढे केलं.

पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं, चमचा त्यातच राहिला. एरवी कावळा तास तास यायचा नाही, त्याला काय काय कबूल करावं लागायचं. त्या दिवशी हात मागे घेण्याआधी बसला. वड्याला चोच लावली नाही, खीर पाहिली नाही. चमच्याने वाढलेला भात तेवढा खाल्ला, एकेक शीत, मान खाली घालून, पाहुण्यांच्यात बसलेली बाई जेवते तसा. मग चमच्याच्या कडेला चोच पुसून उडून गेला.

"घेतल्यान चंपान," शांताबाईंनी समाधानाने हात जोडले.

सहदेव दारात उभा होता. विड्याची पानं त्याच्या हातात चुरगळली होती. त्याने चमचा उचलला, धुतला, पुसला, खिळ्याला लावला. मी मनाशी म्हटलं, वडे गरम असतील. कावळ्यालाही चटका बसतोच.

पुढच्या दिवसांत तो चमचा काही वाळेना. पुसून टांगावा, तर दुपारी पुन्हा ओला, खोलगट भागाला शीत चिकटलेलं. वरच्या मजल्याची मोरी गळत असेल म्हणून मी छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. दुपारी मी तांदूळ निवडत बसले की पलीकडून गोळीचा आवाज यायचा, टक टक, टक टक, तान्ह्यापुढे खुळखुळा धरावा तसा. एकदा जाऊन पाहिलं. शांताबाई झोपलेल्या, पंखा बंद, चमचा खिळ्याला स्थिर. साखळी मात्र किंचित हलत होती.

मालनला मी सगळं सांगितलं. स्थळ माझं, तेव्हा माल दाखवताना डाग लपवायचा नाही, हा माझा नियम. तिने ऐकून घेतलं नि विचारलं, "ते मागे हटतायत का?" नाही म्हटल्यावर तिने विषय संपवला.

दसरा झाल्यावरच्या रविवारी सहदेवने आम्हाला कान्हेरीला नेलं. लग्नानंतर कुठे जायचं, याचे बेत त्याच्या डोक्यात सारखे चालायचे. वेल्सच्या लोकांची एक संत आहे, ड्विनवेन नावाची, प्रेमात पडलेल्यांची कैवारी. जानेवारीत तिचा दिवस असतो. तिचं बेट असं की ओहोटी लागली की चालत जाता येतं, जोडपी जातात, पोरंबाळं डबे घेऊन जातात. तिथे विहीर आहे. पोरीने पाण्यावर पावाचा चुरा टाकायचा, वर आपला रुमाल पसरायचा. खालच्या माशाने रुमाल हलवला तर नवरा एकनिष्ठ. बेट आपल्याला परवडायचं नाही, सहदेव म्हणाला, पण पाण्याची टाकी कान्हेरीलाही आहेत.

बोरिवलीहून बस धरली. डोंगरावर कुटुंबंच कुटुंबं, ट्रान्झिस्टर, पुरीभाजीचे डबे, पोरांच्या हातातली केळी पळवणारी माकडं. आम्ही वरच्या अंगाच्या एका लेण्याशी बसलो. बाजूला कातळात खोदलेलं टाकं, तोंड लहान, पाणी काळं. वरून ऊन, पण टाक्यातून माठासारखा गारवा येत होता.

मालनने चुरा टाकला. रुमाल पसरला.

"मासे कुठले यात," मी म्हटलं. "बेडूक निघाला तर सहदेवला किती मार्क द्यायचे?"

दोघं हसली. रुमाल तरंगत राहिला. खालच्या बाजूला कोणीतरी पोरांना हाका मारत होतं. मग ते आवाज लांब गेल्यासारखे झाले, आणि मला वास आला. गरम भाताचा, वर तुपाचा. आमच्या डब्यात भात नव्हता.

रुमाल मध्यभागी दबला.

कोणी चिमटीत धरून खाली ओढावा, तसा. चारी टोकं वर उभी राहिली, एकमेकांना मिळाली आणि हळूच आत गेली. बुडबुडा आला नाही. पाणी हललंसुद्धा नाही.

सहदेवच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते तिथेच थिजलं. "मालन," तो म्हणाला, "मी एकनिष्ठ आहे. पण त्या चमच्याने जेवून चंपानेही होकार दिलाय. आपण हे मोडू या."

"मोडायचं नाही."

"तुला कळत नाहीय."

"मला सगळं कळतंय."

ती टाक्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली. शेजारणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून बोलावं, तशा आवाजात पाण्याशी बोलली.

"हे बघ बाई, घर मी सोडणार नाही. तुला हक्काचं काय हवं ते घे. पण मला बाहेर काढायचं नाही."

वाट पाहिली. भाताचा वास गेला. खालचा ट्रान्झिस्टर पुन्हा ऐकू आला. मालन उठली, गुडघे झटकले आणि डबा उघडून आम्हाला पुऱ्या वाढल्या. ती पोटभर जेवली. मी माझ्या पुऱ्या माकडांपुढे टाकल्या.

संध्याकाळी मुलुंडला परतलो, तर सहदेव आधी स्वयंपाकघरात गेला. बऱ्याच वेळाने चमचा घेऊन बाहेर आला. चमचा कोरडा खडखडीत होता. पिंजरा रिकामा.

एकेक गज त्याने नखाने तपासला. कुठे तडा नव्हता. गोळी बाहेर काढायला पिंजरा फोडावाच लागला असता, कारण ती त्याच्या आतच जन्मली होती.

"टांगा परत," मालन म्हणाली.

तुळशीचं लग्न लागलं नि मग यांचं. मालन आली ती मालकिणीसारखी आली. भिंतींना रंग दिला, चंपाचा फोटो स्वतःच्या हाताने पुसून परत लावला. पलीकडून आवाज यायचे थांबले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या वर्षी दिवस गेले, मुलगी झाली. मालनला पान्हा भरपूर, पण पोरीने तोंड लावलं नाही. पहिल्या दिवसापासून नाही. बाटली आणली, तीही थुंकली. दवाखान्यात वजन केलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान बाळसं धरलंय, जे पाजताय तेच पाजत राहा. मालन घरी येऊन मोरीत बसून दूध पिळून टाकत राहिली. भिंतीपलीकडे मला ते ऐकू यायचं.

परवा मी तिच्याकडे गेले होते. पोरगी आता चालते, बोलते. मालनने दूधभात कालवून ताटली तिच्यापुढे धरली. पोरीने मान फिरवली. चटईवर चुलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली, वर पाहिलं आणि आ केला. मग चावायला लागली. गिळलं. पुन्हा आ केला.

मालन ताटली धरून तशीच उभी होती. भाताला हात लागलेला नव्हता.

"पोट भरलं का गं?" तिने विचारलं.

"हो, मावशी," पोर म्हणाली. हा शब्द तिला कोणी शिकवलेला नाही.

मालन माझ्याकडे बघून हसली, आणि भिंतीला पाठ लावून तो भात स्वतः खाऊ लागली. सहदेवला उबदार घर मिळालं. शांताबाईंना नात मिळाली. चंपाला जे न मिळताच जावं लागलं होतं, ते मूल मिळालं. मालनला चार भिंती मिळाल्या, आणि चौघांचं देणं तिने एकटीने दिलं. पोरीच्या हनुवटीला दुधाचा ओघळ आला होता. मी पाहत असताना तो पुसला गेला, पदराने पुसावा तसा, डावीकडून उजवीकडे.